सातबाऱ्यावर कोणाचा बोजा चढतो? धरणे, धारणाधिकार आणि थकलेल्या मजुरीचा इतिहास

१/
आजचा धागा एका रकान्याविषयी आहे. सातबारा उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात एखाद्या कर्जदार शेतकऱ्याचा उतारा काढला, तर तेथे सेवा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नोंदलेला दिसतो. त्याच जमिनीत ज्याने विहीर बांधली तो गवंडी, ज्याने उधारीवर सिमेंट आणि गज दिले तो दुकानदार, यांचे पैसे कितीही वर्षे थकले तरी त्यांचे नाव त्या रकान्यात चढत नाही.

२/
कर्ज देणाऱ्याचा हक्क वस्तूला चिकटतो. श्रम आणि माल देणाऱ्याचा हक्क केवळ माणसाच्या शब्दाला चिकटतो. हा भेद निसर्गनियम नव्हे. तो इतिहासात घडला आहे, आणि जगात काही ठिकाणी तो जाणीवपूर्वक मोडलाही गेला आहे. आपल्याकडे तो मोडला गेला नाही. तो मोडावा, असे माझे मत आहे. त्याची कारणे इतिहासातूनच मांडतो.

३/
प्रथम तीन शब्द. 'तारण' म्हणजे कर्जासाठी आधीच बांधून दिलेली वस्तू. 'बोजा' म्हणजे वस्तू मालकाकडेच राहते, पण तिच्यावर दुसऱ्याच्या येण्याचा भार असतो. 'धारणाधिकार' म्हणजे आपले पैसे मिळेपर्यंत दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा हक्क. या तिसऱ्या शब्दाकडे लक्ष असू द्या. 'धरणे' हा आपला जुना शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे.

४/
जुन्या गावगाड्यात कारागिराचे येणे कोठे वसूल होत असे? खळ्यावर. सुतार, लोहार, कुंभार, चांभार वर्षभर काम करीत आणि सुगीत धान्याची रास पडली की आपले बलुते तेथेच घेत. धान्य मालकाच्या घरी जाण्यापूर्वी वाटा निघत असे, हे महत्त्वाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात ही व्यवस्था तपशीलाने मांडली आहे. कायद्याच्या भाषेत नसले, तरी व्यवहारात ते पिकावरचे पहिले येणे होते.

५/
या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बलुते हा हक्क होता तशीच ती जातीने बांधलेली बेडी होती. कामाचे मोल ठरविण्याचा किंवा काम नाकारण्याचा अधिकार बलुतेदाराला फारसा नव्हता, आणि महार वतनदारांच्या वाट्याला तर हक्कापेक्षा वेठच अधिक आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी. बेडी तुटणे आवश्यकच होते. मात्र तिच्याबरोबर 'रास घरी जाण्यापूर्वी' हे तत्त्वही गेले.

६/
गावाबाहेरच्या व्यवहारात, सावकारी आणि लष्करी देण्याघेण्यात, दुसरा मार्ग होता : तगादा आणि धरणे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात त्याने तगाद्याचे चढते प्रकार नोंदविले आहेत. साध्या मागणीपासून सुरुवात होई. मग ऋणकोच्या दारी पहारा, त्याचे अन्न रोखणे, आणि शेवटी डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, येथवर मजल जाई.

७/
धरणे हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध अस्त्र. येणे असलेला मनुष्य देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसे, आणि त्यामुळे देणेकऱ्यालाही अन्न घेणे अवघड होई. थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत धरण्याची वर्णने येतात. तेथे पगार थकलेले शिपाई खुद्द सरदारालाच धरून बसत. वस्तू धरता येत नव्हती, म्हणून माणूस धरला जात होता.

८/
ब्रिटिश राजवटीने हा मार्ग बंद केला. १८६० च्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतील कलम ५०८ दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून कृत्य करवून घेण्याविषयी होते, आणि त्याच्या उदाहरणातच दारी धरणे धरून बसणारा मनुष्य आला होता. दंड संहितेच्या इंग्रजी मसुद्यात आपला 'धरणे' हा शब्द शिरला तो गुन्ह्याच्या रूपाने. तगाद्याची क्रूरता पाहता बंदी समर्थनीयच होती. प्रश्न असा, की हे अस्त्र काढून घेतल्यावर हातात दुसरे काय दिले?

९/
उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात सापडते. कलम १७० म्हणते, की सोपविलेल्या मालावर ज्याने श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत तो माल अडवून ठेवता येईल. उदाहरणे मनोरंजक आहेत. जवाहिऱ्याकडे कच्चा हिरा पैलू पाडण्यासाठी दिला. मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. शिंप्याने मात्र तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर त्याला कोट अडविता येत नाही.

१०/
पुढचे कलम १७१ आणखी उदार आहे. बँकर, आडते, धक्क्याचे मालक, उच्च न्यायालयाचे ॲटर्नी आणि विमा दलाल यांना तर एकूण हिशेबातील बाकीसाठीही हातातील माल अडविण्याचा हक्क आहे. आता ही यादी पुन्हा वाचा. हिऱ्याचा कारागीर आहे, शिंपी आहे, बँकर आहे, वकील आहे. भिंत बांधणारा नाही.

११/
तो का नाही? कारण येथे हक्क ताब्यावर उभा आहे. हिरा जवाहिऱ्याच्या पेटीत असतो. भिंत मालकाच्या जमिनीवर असते. जे जमिनीला जोडले ते जमिनीचे झाले, हे रोमन वळणाचे सूत्र इंग्रजी कायद्याने स्वीकारले. त्यामुळे गवंड्याने वीट रचली त्या क्षणी ती त्याच्या हातून सुटली. ज्याचे काम अधिक टिकाऊ, त्याचा हक्क अधिक कच्चा, अशी ही विसंगती आहे.

१२/
माल पुरविणाऱ्याचीही हीच गत. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल रोखता येतो, गिऱ्हाईक दिवाळखोर झाले तर वाटेतल्या मालाची पोचही थांबविता येते. पण माल एकदा खरेदीदाराच्या ताब्यात गेला, की तो हक्क संपतो. पाटोद्याच्या बाजारपेठेतून निघालेली सिमेंटची गोणी बांधकामावर उतरली, तिचा स्लॅब झाला, की दुकानदाराजवळ उरते ती फक्त उधारीची वही.

१३/
जमिनीबाबत ताब्याशिवाय हक्क देणे कायद्याला अशक्य होते असे म्हणावे, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहा. कलम ५५ नुसार, जमीन विकणाऱ्याला पूर्ण किंमत मिळण्यापूर्वीच मालकी खरेदीदाराकडे गेली, तर उरलेल्या रकमेचा भार त्या जमिनीवर राहतो. ताबा गेला तरी राहतो. म्हणजे जमीन विकणाऱ्यासाठी कायद्याने वाट काढली. त्या जमिनीवर घर उभे करणाऱ्यासाठी काढली नाही.

१४/
हा कल फार जुना आहे. मार्कस ऑरेलियसच्या काळात रोमन सिनेटने ठराव केला, की पडलेल्या इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी जो पैसा देईल त्याला त्या इमारतीवर तारणहक्क मिळावा. मालकाच्या सांगण्यावरून कंत्राटदाराला पैसा पुरविणाराही त्यात आला. शहर उभे राहावे हा हेतू उत्तम होता. तरीही हक्क दिला गेला तो पैसा ओतणाऱ्याला.

१५/
पहिला मोठा बदल फ्रान्समध्ये दिसतो. १८०४ च्या नेपोलियन संहितेने वास्तुविशारद, कंत्राटदार, गवंडी आणि इतर कामगार यांना इमारतीवर अग्रहक्क दिला. अट अशी, की कामापूर्वी आणि कामानंतर तज्ज्ञाने पाहणी करून नोंद करावी. कामगारामुळे मालमत्तेची जितकी किंमत वाढली, तितक्यापुरताच त्याचा हक्क. म्हणजे हा हक्क मोजता येतो आणि नोंदविता येतो, हे दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले.

१६/
त्याच्याही आधी, १७९१ मध्ये, अमेरिकेतील मेरिलँड राज्याने असा कायदा केला होता. निमित्त होते वॉशिंग्टन या नव्या राजधानीची उभारणी. जमीन विपुल, रोकड दुर्मीळ, आणि पैसे बुडतील या भीतीने बांधणारे पुढे येईनात. तेव्हा थकलेल्या रकमेसाठी त्यांना थेट इमारतीवर हक्क देण्यात आला. पुढे ही कल्पना अमेरिकेच्या सर्व राज्यांत पसरली. ती दयेतून जन्मली नव्हती. बांधकाम पुढे सरकावे या गरजेतून जन्मली होती.

१७/
मग भारतात का नाही? कारण आपल्या संहिता लिहिणारे इंग्लंडच्या कायद्यात वाढले होते, आणि इंग्लंडने बांधणाऱ्याला जमिनीवर असा हक्क कधी दिलाच नाही. बीड तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९५१ च्या कायद्याने केंद्राचे अनेक कायदे संस्थानी प्रदेशांना लागू झाले, आणि १८७२ चा करार कायदा त्यांपैकी एक. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सत्ता तीनदा बदलली. गवंड्याची जागा बदलली नाही.

१८/
महाराष्ट्राने मात्र एका पुरवठादाराला फार बळकट हक्क दिला आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४७ नुसार सभासदाकडील येण्यासाठी संस्थेचा त्याच्या पिकावर पहिला बोजा असतो. कलम ४८ नुसार कर्ज घेताना सभासदाने केलेल्या घोषणापत्राने जमिनीवर बोजा निर्माण होतो आणि त्याची नोंद अधिकार अभिलेखात होते. म्हणजे उधारीवर खत देणारी सोसायटी पिकावर हक्क सांगू शकते. विचार नवा नाही, यंत्रणाही नवी नाही. ती कोणासाठी वापरायची, एवढाच प्रश्न आहे.

१९/
आता ऊस. मांजरा नदीचा उगम ज्या बालाघाटात, पाटोदा तालुक्यातच होतो, तो माथा पर्जन्यछायेतला. येथून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याला ऊस देणारा शेतकरी हाही शेवटी पुरवठादारच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार त्याला १४ दिवसांत पैसे मिळावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज मिळावे, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल व्हावी, अशी तरतूद आहे.

२०/
कागदावर ही तरतूद भक्कम दिसते. पण साखर बहुधा बँकेकडे तारण असते. १९७१ मध्ये बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की सरकारने तारण साखर जप्त केली तरी त्या साखरेवर बँकेचा हक्क आधी. २००७ मध्ये कर्नाटकातील सिरिगुप्पा कारखान्याच्या प्रकरणात ऊस उत्पादक आणि कामगार या दोघांच्याही आधी बँक, असाच निर्णय झाला. ऊस ज्याचा, साखर त्याची नव्हे. साखर ज्याच्याकडे तारण, त्याची.

२१/
या साखळीच्या तळाशी कोयता आहे. हंगामापूर्वी मुकादम जोडप्याला उचल देतो. ही उचल कोणत्याही सातबाऱ्यावर चढत नाही. ती माणसांवर चढते. फिटली नाही तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. बँकेचे येणे साखरेवर, सोसायटीचे येणे पिकावर, मुकादमाचे येणे थेट देहावर. आणि तोडणाऱ्याचे स्वतःचे येणे? त्याने तोडलेल्या उसावर, त्यापासून झालेल्या साखरेवर त्याचा कणभरही बोजा नाही. तगाद्याचा तो जुना दगड येथे अजून डोक्यावरच आहे.

२२/
अलीकडच्या कायद्यांनी काही दिले का? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने ४५ दिवसांची मुदत आणि चक्रवाढ व्याज ठरविले. पण बांधकाम कंत्राटांना तो कितपत लागू, यावर न्यायालयांत वाद झाले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने माल व सेवा देणाऱ्यांना 'परिचालन धनको' ठरविले, आणि कर्ज देणाऱ्यांना 'वित्तीय धनको'. कंपनीचे भवितव्य ठरविणाऱ्या समितीत मत असते ते दुसऱ्यांना. १८७२ ची रेषा २०१६ मध्येही पुसली गेली नाही.

२३/
या मताविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप मला मान्य आहे. घरमालकाने ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले, ठेकेदाराने ते पुढे दिलेच नाहीत, आणि सेंट्रिंगवाल्याने मालकाच्या घरावर बोजा चढविला, तर? अमेरिकेत असे घडते आणि मालकाला तीच रक्कम दुसऱ्यांदा मोजण्याची वेळ येते. शिवाय दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन विहिरीच्या बिलापायी लिलावात निघावी, असे कोण म्हणेल? १८७५ चे दख्खनचे दंगे ज्या प्रदेशात झाले, त्याच्या शेजारी राहून आपण हे विसरू शकत नाही.

२४/
म्हणूनच हक्क हवा तो मर्यादित. शेतजमीन आणि राहते छोटे घर वगळावे; व्यापारी संकुले, कारखाने, विक्रीसाठी बांधलेल्या इमारती यांवरच तो असावा. काम सुरू करतानाच मालकाला लेखी सूचना द्यावी. मालकाने तोपर्यंत ठेकेदाराला दिलेली रक्कम वजा व्हावी. काम संपल्यावर थोड्या महिन्यांत नोंद न केल्यास हक्क संपावा. करार आणि मालमत्ता हस्तांतरण हे विषय समवर्ती सूचीत आहेत; त्यामुळे महाराष्ट्राला या दिशेने पाऊल टाकता येते.

२५/
सरकारी कामांचे काय? रस्ता, शाळा, पाझर तलाव यांवर बोजा चढवून लिलाव करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. अमेरिकेने यावर १९३५ मध्ये मिलर कायद्याने उपाय काढला. सरकारी काम घेणाऱ्या कंत्राटदाराने आधीच हमीपत्र द्यायचे. मजूर आणि पुरवठादार यांचे पैसे थकले तर ते हमीतून मिळायचे. आपल्याकडे कंत्राटदार सरकारला सुरक्षा ठेव देतो. सरकार मात्र आपण वेळेवर बिल देऊ याची कोणतीही ठेव कंत्राटदाराला देत नाही, आणि कंत्राटदार मजुराला देत नाही.

२६/
२०२५ मध्ये थकीत देयकांसाठी महाराष्ट्रातील शासकीय कंत्राटदारांनी ठिकठिकाणी आंदोलने केली. त्यांच्या मागे खडीवाले, गजवाले, टिप्परवाले आणि बिगारी यांची उधारीची लांब रांग असते. तिची बातमी होत नाही. अशा आंदोलनांना आपण कोणता शब्द वापरतो? 'धरणे'. १८६० मध्ये दंड संहितेत गुन्हा म्हणून नोंदलेला तोच शब्द आज जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या मंडपावर लावलेला असतो.

२७/
धरणे ही आंदोलनाची रीत म्हणून राहो. वसुलीची रीत म्हणून ती परत यावी लागते, हे कायद्याचे अपयश आहे. ज्याच्या हातात वस्तू धरण्याचा हक्क नसतो, त्याला माणूस, दार किंवा रस्ता धरावा लागतो. मजुरीची थकबाकी 'इतर हक्क' या रकान्यात लिहिता आली, तर कोणालाही कोणाच्या दारात बसण्याची वेळ येणार नाही.

२८/
आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातील हिशेबाच्या वह्या, विहिरीच्या किंवा वाड्याच्या बांधकामाचे करारपत्र, बलुत्याच्या नोंदी असतील, तर त्या जपून ठेवा आणि वाचा. कोणाचे येणे कशावर लिहिले आहे, एवढेच पाहा. राजांच्या लढायांइतकाच तोही आपला इतिहास आहे, आणि त्यातील बरीचशी बाकी अजून फिटायची आहे.